नव्या चाकरमान्याचा रविवार

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



कोकणातल्या माणसाला ‘चाकरमानी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या घराघरातून माणसे मुंबईच्या गिरणीत, गोदीत आणि पेढीवर गेली. त्यांच्या मनीऑर्डरींवर गावाकडच्या चुली पेटत्या राहिल्या. आणि गणपतीला किंवा शिमग्याला ती परतली की ओस पडलेली वाडी चार दिवस गजबजून जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे ते जग मोडले ते मोडलेच. चाकरमानी मात्र संपला नाही. त्याने केवळ रूप पालटले. आज तो पुण्याजवळच्या हिंजवडीत किंवा बंगळूरूला संगणकासमोर बसतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर तर त्यांतले काहीजण थेट गावी येऊन, स्वतःच्या घराच्या पडवीत बसून परदेशाची चाकरी करू लागले. कंपन्यांनी अनेकांना पुन्हा शहरात बोलावून घेतले. तरी आठवड्यातले काही दिवस, महिन्यातले काही आठवडे घरून काम करण्याची रीत पुरती गेलेली नाही.

या नव्या चाकरमान्याविषयी चळवळीत एक सरसकट समज रूढ आहे. तो सुखवस्तू आहे, त्याला बैठक सोडून उठावे लागत नाही, त्याच्या अंगाला घाम येत नाही. मग त्याची गाऱ्हाणी ऐकण्यात शेतमजुरांच्या आणि कंत्राटी कामगारांच्या कार्यकर्त्यांनी वेळ का दवडावा, असे विचारले जाते. प्रश्न गैर नाही. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी या माणसाचा एक दिवस नीट पाहिला पाहिजे. कारण तो स्वतः ज्यांना यंत्राच्या कटकटी म्हणतो, त्यांच्या पोटात श्रमाचा एक जुनाच प्रश्न दडलेला आहे.

समजा, लांजा किंवा संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत चिऱ्याचे कौलारू घर आहे. त्या घरचा मुलगा रत्नागिरीत अभियांत्रिकी शिकला आणि पुण्याच्या एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागला. वडिलांचे दुखणे निघाले म्हणून परवानगी काढून तो गावी आला. सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडावयाचा. उघडताच पासवर्डची मुदत संपल्याची सूचना येते. नवा पासवर्ड घेण्यासाठी मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, आणि मोबाईलला रेंज नसते. परसदारी फणसाच्या झाडाखाली एक ठरलेली जागा आहे; तेथे जाऊन उभे राहावे, ओटीपी यावा, आणि तो घेऊन पडवीपर्यंत पोचावे तोवर त्याची मुदत संपलेली असावी. जो माणूस दिवसभर दूरदेशीच्या बँकांसाठी अशाच कुलपांची रचना करतो, तोच स्वतःच्या कुलपासमोर हतबल होऊन उभा असतो.

दहा वाजता बैठक. ती चालू असता लाइट जाते. जेथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे तारेवर फांदी पडणे ही काही नवलाची घटना नव्हे. इन्व्हर्टर दोन-तीन तास तग धरतो. पण लाइट बराच वेळ आली नाही की टॉवरची बॅटरीही उतरते, आणि मग इन्व्हर्टर असूनही उपयोग राहात नाही. अशा वेळी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मोटारसायकलवरून सड्यावर जावयाचे आणि रेंज मिळेल तेथे छत्रीखाली बसून उरलेली बैठक पुरी करावयाची. तोवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झालेला असतो. हा ठिपका म्हणजे नव्या युगाचा मुकादम. यंत्रावरचा हात काही मिनिटे थांबला की माणूस जागेवर नाही, अशी वर्दी तो परस्पर देतो. माणूस त्या मिनिटांत विचार करीत होता, वडिलांना औषध देत होता, की पावसात रेंज शोधीत होता, हे जाणण्याची त्याला गरज नसते.

दुपार टळते आणि खरा दिवस सुरू होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे मार्चपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत संध्याकाळचे साडेसहा, आणि एरवी साडेसात वाजलेले असतात. तिकडची घड्याळे वर्षातून दोनदा तासाने पुढे-मागे करतात. तिकडे काटा फिरला की इकडे लांज्याच्या घरातली जेवणाची वेळ बदलते. गिऱ्हाईक पश्चिम किनाऱ्यावरचे असेल तर बैठकीला रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा होतात. म्हणजे सकाळ पुण्याच्या व्यवस्थापकाची आणि रात्र परदेशच्या गिऱ्हाइकाची. मधला वेळ तेवढा त्याचा. परंतु त्या मधल्या वेळेतही मोबाईलवरचा गट वाजत राहतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि ती अंगणात नाचू लागते त्या घटकेला घरचा हा एकुलता मुलगा कानाला यंत्र लावून माजघराच्या खिडकीतून पाहात असतो. ढोलाचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून त्याने खिडकी ओढून घेतलेली असते. ज्या सणासाठी मुंबईचा गिरणी कामगार बिनपगारी रजा टाकून, रात्रभर गाडीत उभा राहून गावी येत असे, तो सण याच्या दारात येतो आणि परत जातो. तो गावी असतो. पण गावात नसतो.

घरून काम करणारी स्त्री असेल तर हिशेब आणखी एका बाजूने चुकतो. ती कामावर असते आणि घरच्यांच्या दृष्टीने घरीच असते. बैठक आणि भाकरी, बैठक आणि मुलाचा अभ्यास, बैठक आणि पाहुण्यांचा चहा अशी तिची पाळी सकाळपासून सुरू होते ती मिटतच नाही. कचेरीत जाणाऱ्या स्त्रीला निदान एस.टी.च्या प्रवासात खिडकीशी बसण्यापुरता वेळ आपला म्हणता येत असे. तोही येथे उरत नाही.

या साऱ्यावर तो तरुण काय म्हणतो? तो म्हणतो, “नेटवर्क वाईट आहे.” तो चांगला राउटर घेतो, दुसऱ्या कंपनीचे सिम घेतो, मोठा इन्व्हर्टर बसवतो आणि हप्ते भरतो. आपली अडचण ही यंत्राची अडचण आहे आणि तिचा उपाय दुकानात मिळतो, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. येथेच अर्थशास्त्राच्या दृष्टीने थांबून विचारावे लागते, की हा खर्च वस्तुतः कोणाचा?

कारखानदार गिरणी उभारतो तेव्हा इमारत, यंत्रे, दिवाबत्ती आणि पंखे हा त्याच्या भांडवलाचा खर्च असतो. घरून होणाऱ्या कामात पडवी कामगाराची, वीजबिल त्याचे, इन्व्हर्टर त्याचा, इंटरनेटचे पैसे बहुधा त्याचे आणि वादळात वाया गेलेल्या दिवसाची भरपाईही त्यानेच रविवारी करावयाची. उत्पादनाच्या साधनांची मालकी भांडवलदाराकडे आणि श्रमशक्ती कामगाराकडे, असे भांडवलशाहीचे वर्णन पुस्तकात असते. येथे साधनांचा एक भाग कामगाराने स्वखर्चाने आणावयाचा आणि नफा मात्र होता तेथेच राहावयाचा, अशी मांडणी झाली आहे. विडी वळणाऱ्या बाईला ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; घर हाच तिचा कारखाना होता. सुशिक्षित अभियंता आज तिच्या ओळीत येऊन बसला आहे. फरक मजुरीच्या आकड्याचा आहे, आणि तो फार मोठा आहे हे विसरता कामा नये. पण पद्धतीची जातकुळी एकच आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. १९३० साली जॉन मेनार्ड केन्स यांनी एका निबंधात भाकित केले होते, की शंभर वर्षांत यंत्रविद्या इतकी पुढे जाईल की माणसाला आठवड्याला १५ तासांचे काम पुरेसे होईल आणि उरलेल्या वेळेचे काय करावे हीच त्याची विवंचना असेल. ती शंभर वर्षे आता भरत आली आहेत. उत्पादकतेविषयीचा केन्स यांचा अंदाज फारसा चुकला नाही. चुकला तो वाटणीविषयीचा. वाचलेला वेळ आपोआप कामगाराच्या पदरात पडेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात यंत्र वेळ वाचवते एवढेच खरे. तो वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा व्हावा, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसामाणसांतील बळाबळावर ठरते.

याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. तो मुंबईच्या गिरण्यांत आहे. त्या गिरण्यांत राबणाऱ्यांचा मोठा भाग याच रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला होता. आरंभी गिरणीचे काम सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडले की सुरू, मावळले की बंद. दिवस लांब असला तरी अंधार हा कामगाराचा कैवारी होता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्या काळच्या दृष्टीने ही प्रगतीची मोठी झेप होती. पण १९०५ च्या सुमारास बाजारात तेजी आली आणि त्या दिव्यांच्या उजेडात कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत ताणला गेला. दिव्याने अंधार दूर केला आणि त्याबरोबर कामगाराची संध्याकाळही दूर केली. विजेचा दिवा वाईट होता, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. दिव्याचे बटण कोणाच्या हाती होते, एवढाच मुद्दा आहे. लॅपटॉप आणि मोबाईल यांनी आज नेमके तेच केले आहे. पूर्वी कचेरीला कुलूप लागले की काम थांबत असे. आता कचेरी खिशात आहे, आणि तिला कुलूप लावण्याची मुभा खिशाच्या मालकाला नाही.

कामगाराला उसंत मिळाली ती कशी, हाही इतिहास पाहण्याजोगा आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी परळ येथे झालेल्या सभांतून जो अर्ज तयार झाला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार वेळेवर व्हावा. कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी. पुढे सहा वर्षे हा माणूस तीच मागणी लावून धरीत राहिला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्याला पंचांगातला वार समजतात तो रविवार असा मागून, झगडून मिळवलेला आहे.

पुढची वाटचालही तशीच पायरीपायरीने झाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये आठवड्याची मर्यादा ६० तास झाली, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत ५४, आणि १९४६ मध्ये ४८. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती कायम झाली. म्हणजे साठांवरून अठ्ठेचाळिसांवर येण्यास चोवीस वर्षे लागली आणि त्यांतला प्रत्येक तास संपांनी, सभांनी, तुरुंगवासांनी मोजला गेला. मागे दृष्टी टाकली असता एक सिद्धांत हाती लागतो: उसंत ही यंत्राची देणगी नसून संघटनेची कमाई आहे.

आणि जी कमाई आहे ती गमावताही येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तास काम करण्याविषयीचे आणि रविवारीही कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याची खंत व्यक्त करणारे उद्गार प्रसिद्ध झाले. लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारावर, १३५ वर्षांनी, मालकवर्गाच्या प्रतिनिधीने बोट ठेवले. हे केवळ उद्गार म्हणून सोडून देता आले असते. परंतु राज्यकर्त्यांची पावले त्याच दिशेने पडत आहेत. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात संगणक क्षेत्रातील कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढवू देणारा प्रस्ताव पुढे आला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२, आणि २० वा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तास करण्यास मान्यता दिली. साप्ताहिक ४८ तास कायम आहेत, असे त्यावर सांगण्यात आले. पण ज्याच्या तासांची नोंदच होत नाही त्याला साप्ताहिक मर्यादेचा आधार कसला?

संगणक कामगाराची खरी मेख या नोंदीत आहे. तो रोज हजेरीचे तक्ते भरतो. पण ते गिऱ्हाइकाला बिल लावण्यासाठी असतात, त्याच्या श्रमाची मोजदाद करण्यासाठी नव्हे. आठ तास लिहावयाचे अशी पद्धत असते म्हणून तो आठ लिहितो. सड्यावर घालवलेला तास, रात्रीची बैठक, रविवारची दुरुस्ती हे कोठेच उमटत नाही. कायद्याने जादा कामाला दुप्पट दर सांगितला आहे. पण जे काम कागदावर झालेच नाही त्याचा दर एकपट काय आणि दुप्पट काय!

त्याला कामगार म्हणवून घेण्याचाही संकोच वाटतो. वास्तविक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा समाविष्ट होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक कामाचा उल्लेख आहे. व्याख्येतून वगळला जातो तो व्यवस्थापकीय काम करणारा. म्हणूनच की काय, या उद्योगात जो तो कोणत्या ना कोणत्या गटाचा ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ असतो. त्याला कोणाला नेमता येत नाही, कोणाचा पगार वाढवता येत नाही, स्वतःची रजाही मंजूर करता येत नाही; पण पदनाम असे भारदस्त असते की त्याला स्वतःलाच आपण मालकाच्या बाजूचे आहोत असे वाटू लागते. पांढरपेशा वर्गाचा हा जुना दुबळेपणा आहे. बँक कर्मचाऱ्यांत, शिक्षकांत, आयुर्विम्यात तो एके काळी असाच होता, आणि संघटनेनेच तो घालवला.

बाजाराचा फटका बसला म्हणजे मात्र भ्रम लवकर उतरतो. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. इतक्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. चार तासांची आज्ञावली ती काही मिनिटांत लिहून देतात. उरलेले तास कामगाराला मिळाले काय? नाही. त्याच्यासमोर दुप्पट काम आले, किंवा शेजारची खुर्ची रिकामी झाली. विजेच्या दिव्याची गोष्ट तिसऱ्यांदा घडते आहे.

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. या तरुणाच्या पडवीत लाइट परत येते ती कोणामुळे? भर पावसात खांबावर चढणाऱ्या वायरमनमुळे. आणि त्यांतले अनेकजण कंत्राटी आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागाची दाणादाण उडवली तेव्हा कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुराखाली गेले. त्या प्रत्येक वेळी खांब उभे करणारे हात तुटपुंज्या वेतनाचे होते. अशा माणसाच्या तुलनेत अभियंत्याच्या पिवळ्या ठिपक्याचे दुःख कोणत्या तराजूत घालावयाचे? उत्तर असे की तराजू लावूच नये. दुःखांची चढाओढ लावली की लाभ मालकाचाच होतो. अभियंत्याची खंडित लाइट आणि वायरमनचे कंत्राटी जिणे या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. सार्वजनिक सेवेवर खर्च करावयाचा नाही, माणसे कायम करावयाची नाहीत, आणि जे तुटेल ते ज्याचे त्याने भरून काढावयाचे, असे ते धोरण आहे. इन्व्हर्टर विकत घेऊ शकणारा माणूस ती कळ सोसतो. न घेऊ शकणारा अंधारात बसतो. पण वायरमन कायम व्हावा, तारा सुरक्षित व्हाव्यात, टॉवरला पुरेशी बॅटरी असावी यात दोघांचेही हित सारखेच आहे.

२०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीला घरी रेंज मिळेना म्हणून डोंगरावर उभारलेल्या झोपडीत बसून अभ्यास करावा लागला. वृत्तपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. पण झोपडीचे कौतुक करताना टॉवरचा प्रश्न मागे पडला. व्यक्तीच्या जिद्दीचे पोवाडे गाऊन समाजाची जबाबदारी लपवण्याची ही रीत कोकणाला नवी नाही. कोकणाने एकदा तिला चोख उत्तरही दिलेले आहे. कोकणात रेल्वे आली ती कोणी एकट्याने मोठी गाडी विकत घेतली म्हणून नव्हे. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी लोकसभेत वर्षानुवर्षे तो प्रश्न धसास लावला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली त्यासाठी महामंडळ स्थापन झाले, आणि १९९८ साली ती रेल्वे सलग धावू लागली. डोंगर फोडून लोहमार्ग मागण्याची हिंमत ज्यांच्यात होती, त्यांच्या वारसांनी अखंड वीज आणि भरवशाचे जाळे मागण्यास बिचकू नये.

मग मागावयाचे काय? पहिली गोष्ट, कामाच्या प्रत्यक्ष तासांची नोंद, आणि ती कामगाराच्या हाती असलेली. दुसरी, कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा, संदेशाला उत्तर न देण्याचा अधिकार. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना याविषयी कामगारांशी वाटाघाट करणे भाग आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असा अधिकार कायद्यात आला. भारतात सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत अशी खासगी विधेयके मांडली. परंतु १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत कायदा झालेले नाही, हे ध्यानी घेतले तर बाहेरच्या रेट्याविना हे काम होणार नाही, हे उघड आहे. तिसरी, घरून काम करवून घेणाऱ्याने वीज, इंटरनेट आणि साधने यांचा खर्च उचलावा, आणि वादळात गेलेला दिवस कामगाराच्या रविवारातून कापू नये. चौथी, महावितरणातील कंत्राटी कामगारांच्या मागण्यांना या पगारदारांनी आपल्या मागण्या मानाव्यात. कर्नाटकात १४ तासांच्या प्रस्तावाविरुद्ध तेथील संगणक कामगारांची संघटना रस्त्यावर उतरली आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. २०२५ मध्ये दहा तासांचा प्रस्ताव घेऊन ते पुन्हा आले, हेही खरे. म्हणून तर संघटना क्षणिक असून चालत नाही.

शेवटचा मुद्दा चळवळीसाठी अधिक जिव्हाळ्याचा आहे. सभांना तरुण येत नाहीत, अभ्यासवर्ग ओस पडतात, रत्नागिरीतील १८२८ पासूनच्या नगर वाचनालयासारखी संस्था असूनही वाचणारा तरुण विरळा झाला, अशी तक्रार कार्यकर्ते करतात. मोबाईलला दोष देऊन ती तक्रार संपते. पण ज्याची संध्याकाळच शिल्लक नाही त्याने सभेला यावे कसे? मध्यरात्री बैठक आटोपून अंथरुणावर पडलेला माणूस तासभर पडद्यावर बोट फिरवीत राहतो, तो करमणुकीच्या हौसेने नव्हे. दिवसातला निदान एक तास कोणाच्या हुकमावाचून घालवावा, ही त्याची केविलवाणी धडपड असते. थकल्या माणसाचा विरंगुळाही थकलेलाच असतो.

लोखंड्यांच्या रविवारने केवळ विश्रांती दिली नाही. त्या रविवारी गिरणगावात भजनी मंडळे जमली, शाहिरांचे फड रंगले, कामगारांनी नाटके बसवली. कोकणातल्या गावोगावची ग्रामस्थ मंडळे मुंबईच्या चाळींत भरली आणि त्यांच्या वर्गणीतून इकडे शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या. युनियनच्या सभाही त्याच सुट्टीत झाल्या आणि पुढच्या आठ तासांच्या लढ्याचे मनसुबे तेथेच रचले गेले. माणसाला उसंत मिळते तेव्हा तो नुसता कामगार उरत नाही; तो मुलगा होतो, शेजारी होतो, वाचक होतो, नागरिक होतो. लोकशाहीला लागणारा पहिला कच्चा माल म्हणजे नागरिकाचा मोकळा वेळ. तो ज्याने हिरावला त्याने मतपेटी न फोडताही लोकशाही पोखरली.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक साधे काम अंगावर घ्यावे. आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत असा तरुण वा तरुणी कोण आहे, याचा शोध घ्यावा. त्याच्या सोयीच्या वेळी, भले ती रात्री अकराची असो, त्याच्या पडवीत जाऊन बसावे. त्याला व्याख्यान देऊ नये. गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तास काम झाले, एवढेच विचारावे आणि दोघांनी मिळून ते कागदावर मांडावे. तो आकडा पाहून त्याचा त्यालाच धक्का बसेल. लोखंड्यांच्या अर्जाचा आरंभही कामगारांच्या दिवसाचा हिशेब मांडण्यातूनच झाला. पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात येईल तेव्हा त्या घरची खिडकी उघडी असावी, एवढीच मागणी आहे. पण ती पुरी व्हावयाची तर ते काम एकट्याच्या इन्व्हर्टरचे नाही, संघटनेचेच आहे.